गच्चीवरच्या भाज्यांच्या पाट्या: स्टेन्सिल अक्षरं कुठवर आली

दिवाळीनंतर पालेभाज्यांची पेरणी उरकली की आठवडाभर सगळे क्रेट सारखेच दिसतात. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते, पालक आठवड्याने, आणि कोथिंबीर दहा-बारा दिवस वाट बघायला लावते. तोवर कुठे काय पेरलंय हे फक्त पाटी सांगते. आइस्क्रीमच्या काड्यांवर मार्करने लिहिलेली नावं भर उन्हात काही आठवड्यांत पुसट होतात, कारण त्या शाईतला डाय ऊन सोसत नाही. शिसपेन्सिल मात्र टिकते, ग्राफाइटला उन्हाने काही होत नाही. म्हणून यंदाची रचना अशी: भाजीचं नाव ऑइल पेंटमध्ये स्टेन्सिलने, आणि खाली खरखरीत पांढऱ्या पट्टीवर वाण व पेरणीची तारीख टूबी पेन्सिलने. हंगाम संपला की पट्टी खोडरबराने साफ करायची, नाव तसंच राहतं.

पहिल्या संचात चौदा नावं घेतली: मुळा, मेथी, पालक, शेपू, लाल माठ, चुका, कोथिंबीर, मिरची, वांगी, टोमॅटो, भेंडी, गवार, दोडका, अळू. यांत एकही जोडाक्षर नाही. सतरा व्यंजनं, एक अ, आणि काना, दोन वेलांट्या, दोन उकार, मात्रा, अर्धचंद्र, अनुस्वार एवढ्या आठ खुणा. म्हणजे सव्वीस आकृत्या नीट काढल्या की अख्खी गच्ची लिहून होते. पूर्ण देवनागरी फॉन्ट करायचा म्हटलं तर जोडाक्षरांसकट शेकडो आकृत्या होतात, आणि हौशी माणूस बहुतेक तिथेच थांबतो. आधी शब्द ठरवायचे आणि त्यांना लागतील तेवढीच अक्षरं काढायची, हा मार्ग नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मनापासून सुचवावासा वाटतो.

मापं अशी ठरली. लांबून वाचायच्या अक्षराला दर मीटरमागे ५ मिलिमीटर उंची धरतात. जिन्याच्या दारातून शेवटचा क्रेट ८ मीटरवर, म्हणून शिरोरेषेपासून पायापर्यंत ४० मिलिमीटर. वर मात्रा-वेलांटीला १६, खाली उकाराला १४, म्हणजे एकूण ७०. रेघेची जाडी काळ्यावर पांढऱ्यासाठी ६.५ आणि पिवळ्यावर काळ्यासाठी ७, कारण गडद पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर डोळ्याला आहे त्यापेक्षा जाड दिसतं. शिरोरेषा ६. सगळ्यांत लांब नाव कोथिंबीर, ते साधारण १७२ मिलिमीटर भरतं, म्हणून पाटी २२ बाय १० सेंटिमीटर.

खरं काम ब्रिजचं आहे. स्टेन्सिलमध्ये अक्षराचा बंद पोकळ भाग कापला की मधला तुकडा गळून पडतो. तो धरून ठेवायला कुठेतरी रेघ तोडून पट्टी ठेवावी लागते, तिला ब्रिज म्हणतात. रोमन अक्षरांत ही पट्टी बहुतेक वेळा डोळ्याला बरी दिसेल तिथे ठेवता येते. देवनागरीत शिरोरेषेतली फट हा अक्षराचाच भाग असतो, त्यामुळे चुकीच्या जागी ठेवलेला ब्रिज अक्षर बदलून टाकतो. म च्या डोक्यावर डाव्या बाजूला फट ठेवली की तो भ झाला. घ च्या बाबतीत तेच, त्याचा ध होतो. आणि मोह नेमका तिथेच होतो, कारण प आणि म चा पोकळ भाग शिरोरेषेनेच वरून बंद केलेला असतो, तिला छेद दिला की काम एका झटक्यात होतं असं वाटतं.

म्हणून नियम असा बसवला: अक्षराच्या डोक्यावर ब्रिज ठेवायचाच नाही. प मध्ये वळण उभ्या दांड्याला जिथे मिळतं तिथे २ मिलिमीटरची फट. म मध्ये आडवी रेघ दांड्याला टेकते तिथे. म च्या डाव्या पायाची छोटी गाठ भरीव ठेवायची, ४० मिलिमीटरच्या अक्षरात तिचं भोक जेमतेम ३ मिलिमीटरचं होतं आणि पहिल्याच हाताला रंगाने बुजतं. व आणि क चा गोल दांड्यापासून खालच्या बाजूने सुटा करायचा. ब मध्ये तिरकी रेघ पोकळीचे दोन भाग करते, म्हणून ती रेघ दोन्ही टोकांना २ मिलिमीटर आखूड करून मध्ये तरंगती ठेवली आणि गोल व सारखाच सोडवला. ळ च्या दोन्ही गाठींना वेगवेगळा ब्रिज लागतो.

ठ विशेष जपायचा. त्याच्या गोलाला उजवीकडे फट पडली की लांबून ट दिसतो. ब्रिज वर आणि खाली, समोरासमोर. लाल माठाची पाटी दोन्ही तऱ्हांनी कापून ८ मीटरवरून बघावी, फरक लगेच कळतो.

आता उरली भ आणि थ ची स्वतःची फट, जी अक्षरात असायलाच हवी. ती ब्रिजएवढीच २ मिलिमीटर ठेवली तर वाचणाऱ्याला ती ब्रिज वाटते आणि भेंडीची मेंडी होते. अर्थाची फट ब्रिजच्या किमान अडीचपट हवी: ब्रिज २, फट ५. रंग कडेखाली पसरून प्रत्येक बाजूने ०.३ मिलिमीटरच्या आसपास खातो, त्यामुळे ५ ची फट प्रत्यक्षात ४.४ उरते आणि ब्रिज १.४. म्हणजे प्रमाण उलट सुधारतं. १.५ चा ब्रिज कापला तर मात्र तो रंगात ०.९ वर येतो आणि दुसऱ्या हातात दिसेनासा होतो, शिवाय पत्रा, म्हणजे अक्षरं कापलेली शीट, उचलताना तुटतो.

शिरोरेषेलाही आधार लागतो. अख्ख्या शब्दावर १७२ मिलिमीटरची सलग खाच कापली तर तिची कड लवते आणि खालून रंग शिरतो. इथे ब्रिज दोन अक्षरांच्या मध्ये घ्यायचा, पण अक्षर आणि त्याचा काना यांच्यात कधीच नाही, नाहीतर काना एकटा दंडासारखा उभा राहतो. कोथिंबीरची फोड को, थिं, बी, र अशी. सर्वांत लांब खाच मग ५२ मिलिमीटरची राहते. वेलांटीचं टोक शिरोरेषेच्या २ मिलिमीटर वर थांबवलं की कमानीतला तुकडाही आपोआप धरला जातो. टोमॅटोचा अर्धचंद्र शिरोरेषेपासून ३ वर ठेवावा, दोन खाचांमधली पट्टी त्याहून अरुंद झाली की पत्रा काढताना फाटते. अनुस्वार ७ व्यासाचा, ५ चा बुजतो.

ल आणि श मराठी वळणाचेच घ्यायचे. पालक, लाल माठ आणि शेपू या तीन पाट्यांवर हिंदी वळण आलं की पाटी परकी वाटते. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना एकच क्रमांक आहे. ज्या फॉन्टांत दोन्ही रूपं असतात त्यांत मजकुराची भाषा मराठी निवडल्यावरच मराठी रूप येतं. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅरेक्टर पॅनेलमधली भाषा तपासायची, तिथे इंग्रजी राहिली असेल तर फॉन्टाला दोष देण्यात अर्थ नाही.

स्वतः अक्षर काढायचं नसेल त्यांनी ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ फॉन्ट घ्यावा. दोन्हींना ओपन फॉन्ट लायसन्स आहे, फेरफाराला मोकळीक आहे. बलूचं जाड गोल वळण स्टेन्सिलला सोपं जातं, कारण ब्रिज ठेवायला रेघेत जागा मिळते. चित्र काढायच्या सॉफ्टवेअरपैकी इंकस्केपमध्ये देवनागरी आपोआप नीट जुळते. इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर निवडलेला नसेल तर मिरचीची पहिली वेलांटी म च्या मागे जाऊन बसते. शब्द जुळला की अक्षरांच्या बाह्यरेषा करायला ऑब्जेक्ट टू पाथ, मग अनग्रुप, मग सगळे आकार एकत्र सांधायला युनियन. युनियन विसरलं तर प्लॉटर (शीट कापणारं यंत्र) प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा वेगळी कापतो. देवनागरी फॉन्टात शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा मुद्दाम एकमेकींवर चढवलेल्या असतात, पडद्यावर सांधा दिसू नये म्हणून. त्या चढलेल्या जागी सुरी दोनदा फिरते आणि तुकडे सुटतात. ब्रिज युनियननंतरच टाकायचे.

पत्रा म्हणून २५० मायक्रॉनची पॉलिएस्टर शीट चांगली. जुनी एक्स-रे फिल्मही पॉलिएस्टरचीच असते, थोडी पातळ, पण दहा-बारा पाट्यांना पुरते. पीव्हीसी शीट टाळावी, ऑइल पेंट पुसायला थिनर लावला की ती फुगते आणि कडा वाकड्या होतात. हाताने कापताना ३० अंशाचं ब्लेड, आधी आतले लहान आकार, मग बाहेरचे. वळणावर ब्लेड न फिरवता शीट फिरवायची. कोपऱ्यात काप २ मिलिमीटर पुढे गेला तर मागून सेलोटेप लावून पुन्हा कापता येतं.

पाटीला ३ मिलिमीटरचं एसीपी, म्हणजे अॅल्युमिनियम कंपोझिट पॅनेल, वापरलं. साइनबोर्ड करणाऱ्यांकडे याचे उरलेले तुकडे पडून असतात. वरची संरक्षक फिल्म काढायची, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासायचं, ओल्या फडक्याने पुसून वाळवायचं. निळ्या ड्रमवर किंवा ग्रो बॅगवर थेट रंगवण्याच्या भानगडीत पडू नये. पॉलिथिलीनवर ऑइल पेंट चिकटत नाही, पहिल्या उन्हाळ्यात पापुद्रे निघतात.

रंग पातळ करायचा नाही. स्पंजचा तुकडा बुडवून कागदावर टिपायचा, जवळजवळ कोरडा झाला की उभा ठोकत लावायचा, घासायचा नाही. दोन पातळ हात, मध्ये वीस मिनिटं. स्प्रे कॅन वापरायचा असेल तर २०-२५ सेंटिमीटरवरून, सरळ वरून. तिरका फवारा कडेखाली शिरतो आणि थ ची फट भरून मेथीची मेयी करतो. लाल रंग टाळला, उन्हात तो लवकर उडतो. काळा आणि पांढरा टिकतात.

आता पाट्यांखालची माती. फळांचा क्रेट ५४ बाय ३६ सेंटिमीटरचा, पालेभाजीला १५ सेंटिमीटर भरला की २९ लिटर माल बसतो आणि भिजल्यावर तीस किलोच्या वर जातो. इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात वावर असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो भार धरला आहे. म्हणून चौरस मीटरला चार क्रेट, त्याहून जास्त नाही, आणि जड ग्रो बॅगा भिंतींच्या व तुळयांच्या रेषेवर. मिश्रण मापाने तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन भाग कुजलेलं शेणखत, दोन भाग माती. कोकोपीटची पाच किलोची वीट फुगून पासष्ट-सत्तर लिटर होते. ती दोनदा धुऊन घ्यावी, क्षार राहिले तर मेथीच्या पानांच्या कडा जळतात.

क्रेटला मेथी १५ ग्रॅम, एक सेंटिमीटर खोल. कोथिंबिरीला ८ ग्रॅम धने, रगडून दोन फाकी करून १२ तास भिजवलेले. किराण्यातले धने वापरायचे तर आधी वीस दाणे ओल्या फडक्यात ठेवून बघावेत, बारापेक्षा कमी दाण्यांना मोड आले तर दाट पेरावं. तापमान तिशीच्या वर गेलं की उगवण घटते आणि आलेली कोथिंबीर लवकर फुलावर येते, म्हणून फेब्रुवारीनंतरच्या पेरणीला हिरव्या जाळीची सावली हवीच.

मिरची पुसा ज्वाला, भेंडी अर्का अनामिका. मिरचीची पानं वर वळून वाटीसारखी झाली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी, म्हणजे माइट ही बारीक कीड. दोन्हींची सुरुवात कोवळ्या शेंड्यापासून होते. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १ मिली पातळ साबण, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने, दर आठवड्याला. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. टोमॅटो बुडाकडून काळा पडायला लागला की बहुतेक जण खत वाढवतात. तिथे कॅल्शियम फळापर्यंत पोचत नसतं आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे एक दिवस कोरडं, एक दिवस चिंब असं पाणी. रोज थोडं, ठरल्या वेळी आणि वर पाल्याचं आच्छादन, एवढ्याने नवी फळं ठीक येतात. बिघडलेली तोडून टाकावीत.

पाटीची काठी पालेभाजीला मातीवर १५ सेंटिमीटर पुरते. भेंडी कमरेच्या वर जाते, तिची पाटी बॅगेच्या पुढच्या कडेला, नाहीतर महिन्याभरात पानांत गडप.

चौदापैकी अकरा पाट्या लागल्या. वांगी, दोडका आणि अळू रंगायच्या आहेत, त्यातल्या अळूत अ आणि ळ शेजारी येतात आणि दोघांतली मोकळी जागा डोळ्याला मोठी वाटते, ती ३ मिलिमीटरने आवळून पुन्हा कापायची. दुसऱ्या संचात काकडी, कारलं, शेवगा, अंबाडी यांना एकही नवी आकृती लागणार नाही. चाकवताला त, ढोबळीला ढ, घेवड्याला घ, दुधीला ध. घ आणि ध एकाच शीटवर शेजारी काढून, फट ५ आणि ६ अशा दोन्ही मापांनी कापून ८ मीटरवर लावून बघणार आहे. ज्यांनी घ चा ब्रिज दांड्याकडे न ठेवता खालच्या वळणात ठेवला असेल त्यांनी मापांसकट जरूर कळवावं.