कार्पेंटर मावशींची पत्रे

डॉ. आनंदीबाई जोशी यांची कथा आपण बहुधा गोपाळरावांच्या हट्टापासून सुरू करतो आणि फिलाडेल्फियाच्या पदवीपाशी आणून सोडतो. मला मात्र त्या दोहोंच्या मधल्या, १८८० ते १८८३ या वर्षांची ओढ अधिक वाटते. कारण त्या काळात आनंदीबाई आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी एकमेकींचे तोंडही न पाहता पत्रांतून जन्माचे नाते जोडले.

सुरुवात झाली ती एका नकारातून. १८७८ साली गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मिशनरी वाइल्डर यांच्याकडे पत्राने मदत मागितली. पूर्वी अनेक वर्षे कोल्हापुरात काम केलेल्या वाइल्डरांची अपेक्षा धर्मांतराची होती आणि ती जोशी दांपत्याला मान्य नव्हती. तो पत्रव्यवहार वाइल्डरांनी आपल्या नियतकालिकात छापला. पुढे १८८० मध्ये दंतवैद्याकडे खोळंबून बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या हाती तो अंक पडला, आणि त्यांनी या अनोळखी कुटुंबाला पत्र लिहिले.

आनंदीबाई तेव्हा अवघ्या पंधरा वर्षांच्या होत्या, आणि दहा दिवसांचे मूल गमावल्याचे दुःख त्यांनी सोसलेले होते. गोपाळराव टपाल खात्यात असल्यामुळे भूज, कलकत्ता, बंगालमधले श्रीरामपूर असा बदल्यांबरोबर पत्ता पालटत राही, तरी पत्रे थांबली नाहीत. लग्नानंतर शिकलेल्या इंग्रजीत ही मुलगी आपले आचार, धर्म आणि बालविवाह यांविषयी लिहीत असे. घरात तिच्या शिक्षणाची दिशा नवरा ठरवत होता. या कागदावर मात्र तिला स्वतःचे मत मांडायला जागा मिळाली, असे मला मनापासून वाटते. कलकत्त्यात तिची प्रकृती ढासळली, डोकेदुखी आणि ताप पाठ सोडीनात, तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे धाडली. गुण आला नाही. पण पत्राला उत्तर यायलाच जिथे आठवड्यांमागून आठवडे लोटत, तिथे इतक्या दुरून कुणी आपल्या दुखण्याची काळजी वाहते आहे, हे त्या एकाकी मुलीला केवढे आधाराचे वाटले असेल! आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ मानू लागल्या त्यात नवल नाही.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या पतीविना कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा मावशी धक्क्यावर उभ्या होत्या.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या. मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. तिथल्या शिळेवर आजही आनंदीबाईंचे नाव आहे.