चालणारा एक, राबणारे दहा

वारीहून आल्यावर सगळे पहिला प्रश्न पायांचा विचारतात. फोड आले का, गुडघे धरले का, आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर म्हणजे गंमत नाही, वगैरे वगैरे. खरं सांगू का, पायांचं जमून जातं. सुरुवातीला फोड येतात, फुटतात, कातडी निबर होते आणि मग आपण चालत राहतो. जड जातं ते वेगळंच. सकाळपासून रात्रीपर्यंत कुणाकुणाकडून नुसतं घेत राहायचं आणि परत काहीच द्यायचं नाही, हे फार जड जातं, निदान माझ्यासारखीला तरी. आमच्याकडे शेजारून वाटीभर भाजी आली तर वाटी रिकामी परत जात नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालून देतो. आणि इथे तर पावलापावलाला कोणीतरी हातात काहीतरी कोंबतंय आणि वर आपल्याच पाया पडतंय.

सासरच्या गावची दिंडी आहे, ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या रथामागची. गाव नगर जिल्ह्यातलं, आम्ही राहतो डोंबिवलीत, त्यामुळे दिंडीत मला "मुंबईची सून" म्हणूनच ओळखतात. पुणे ते सासवड हा सगळ्यात मोठा टप्पा, आणि बहुतेक वर्षी त्याच दिवशी एकादशी येते. म्हणजे उपास. पण उपास कसला डोंबलाचा, पुणं सोडलं नाही तोवर राजगिऱ्याचे लाडू, केळी, चिक्की, साबुदाण्याच्या खिचडीचे द्रोण, ताक, परत केळी. हडपसरला तुकोबांची पालखी सोलापूर रोडला लागते आणि माउलींची सासवडकडे वळते, तोपर्यंत माझ्या पिशवीत इतकी केळी झाली होती की मीच पुढे वाटत सुटले. आणि हे पण सांगायला पाहिजे की देणाऱ्यांतही तऱ्हा असतात. काही जण मोठा फ्लेक्स लावून, एक केळं चौघांनी धरून फोटो काढल्याशिवाय सोडत नाहीत. वारकरी बिचारा हात पुढे करून उभा, आणि फोटोवाल्याचं "जरा इकडे बघा माउली" चालूच. असो. केळं गोडच होतं.

वडकीच्या आसपास माझ्या सॅकचा पट्टा तुटला. रस्त्याच्या कडेला एक काका पोतं अंथरून बसले होते, पुढे ऐरण, आरी, मेणाचा गोळा, आणि समोर चपलांचा ढीग. पावसाची भुरभुर चालू होती. मी सॅक पुढे केली तर म्हणाले, "धरा माउली, एवढा कागद धरा डोक्यावर," आणि प्लॅस्टिकचा कागद माझ्या हातात दिला. मी कागद धरून उभी आणि ते दोरा मेणातून ओढून घेतायत, आरीने भोक पाडून दुहेरी टाका घालतायत, टाका घातला की दाताने दोरा ताणून बघतायत. कंपनीची शिलाई तुटली होती तिथे त्यांनी आतून चामड्याचा तुकडा लावला, मी सांगितलं पण नव्हतं. मी पैसे काढले तर हात जोडले. आणि सॅक देताना खाली वाकून माझ्या पायाला हात लावला. वडिलांच्या वयाचा माणूस हो. मी एकदम मागे सरकले, "अहो काका नको," असं काहीतरी पुटपुटले, तर मागून दिंडीतल्या मावशी वैतागून म्हणाल्या, "पडू दे की गं पाया! तू कोण लागून गेली, तुझ्या नाय पडत तो. तू पण पड त्याच्या आन् चल, घाट चढायचाय." मग मी पण पडले. पट्टा अजून शाबूत आहे.

तर या मावशी. दिवेघाटात माझी ओळख झाली ती खरी यांच्याशी. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, त्या बघायला सगळे कडेला थांबतात, तसे आम्हीही थांबलो होतो आणि मावशी मात्र फोनवर. मोठ्या आवाजात, टाळ-मृदंगाच्या वर आवाज काढून, "म्हशीनं दूध दिलं का गं? आन् मूग टाकला का खालच्या वावरात? वापसा झालाय का?" पलीकडे त्यांची जाऊ. हा फोन रोज. मला आधी वाटलं बाईचा जीव घरात अडकलाय, वारीत येऊन पण संसार सुटत नाही. पण तसं नव्हतं ते. घाट चढता चढता त्यांनी सांगितलं की त्यांचं आणि जावेचं ठरलेलंय, एक वर्ष ही वारीला जाणार आणि ती घर, म्हशी, पेरणी बघणार, पुढच्या वर्षी उलट. वारी येते ती नेमकी ज्येष्ठ-आषाढात, म्हणजे पेरणीच्या तोंडावर. पाऊस वेळेवर आला तर पेरून निघता येतं, नाही आला तर मागे राहणाऱ्याच्या गळ्यात सगळं. म्हणून वारी दोघींची मिळून एक, असा हिशोब. पंढरपूरला जी पोचेल तिने दोघींच्या नावाने कळसाला हात जोडायचे आणि बुक्का-लाह्या घरी आणायच्या.

यातली मजा पुढे आहे. २०२० ला नंबर होता जावेचा, आणि त्या वर्षी कोरोनामुळे पायी वारीच झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. २०२१ ला नंबर मावशींचा, तेव्हाही तेच, पादुका एसटीनेच. मग २०२२ ला वारी परत सुरू झाली तेव्हा जाणार कोण? घरात म्हणे यावरून जुंपली. मावशींचं म्हणणं माझं वर्ष बुडलं, जाऊ म्हणे माझं आधी बुडलं. शेवटी सासऱ्यांनी निवाडा दिला की जिचं आधी बुडलं ती आधी जाईल. मावशी त्या वर्षी महिनाभर तोंड फुगवून म्हशी पिळत होत्या, हे त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि सांगताना हसता हसता खोकला लागला त्यांना.

त्या दिवसापासून मी दिंडीत ज्याला त्याला विचारायला लागले, तुमचं मागे कोण बघतंय? आणि काय एकेक उत्तरं. एका आजोबांचं किराणा दुकान, ते शेजारचा पानटपरीवाला उघडतो, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास, आणि हिशोबाची वही तशीच्या तशी ठेवतो. एका ताईंच्या दोन मुली नणंदेकडे. आमचे वीणेकरी बुवा, त्यांच्या आईला दिसत नाही, तिला रोज जेवू घालायला वाडीतली घरं आळीपाळीने येतात, आणि हे कुणी ठरवून दिलेलं नाही, बुवा निघाले की आपोआप चालू होतं. अख्खी दिंडी अशी, म्हणजे प्रत्येक टाळकऱ्याच्या मागे गावात कोणीतरी त्याचं ओझं उचलून उभं आहे, आणि त्यांच्या गळ्यात ना तुळशीची माळ ना कपाळाला बुक्का.

मग मी माझ्याकडेही बघितलं. जून एन्डला बँकेत तिमाही क्लोजिंग असतं, तेव्हा रजा मागणं म्हणजे मॅनेजरच्या कपाळावर आठी. माझं काउंटर माझ्या शेजारच्या टेबलवालीने घेतलं, तिचं स्वतःचं सांभाळून. आईंना, म्हणजे सासूबाईंना, शुगर आहे, दोन वेळा इंजेक्शन, त्यासाठी मोठ्या जाऊबाई कल्याणहून येऊन राहिल्या. समोरच्या काकू मुलाच्या डब्याला रोज एक भाजी देत होत्या. नवऱ्याने कुकर लावण्यापर्यंत मजल मारली, आणि लोणंदला असताना मला व्हॉट्सअॅपवर दोडक्याच्या भाजीचा फोटो आला, खाली लिहिलंय "मी केली". रंग बघून काळजीच वाटली, पण खाल्ली म्हणे सगळ्यांनी.

दिंडीच्या आतही हेच. आपण भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणा-राहण्याचे, पैसे भरतो, तेवढ्यात आपल्याला वाटतं झालं, आपली सोय आपण विकत घेतली. पण पहाटे तीनला उठून टँकरखाली बादली लावायला जावं तर ड्रायव्हर आधीच उठून नळ चालू करून बसलेला. हा माणूस कधी चालत नाही. कधी ओवी म्हणत नाही. आपण निघालो की तंबू उपसायचे, ट्रकमध्ये भरायचे, गर्दीतून वाट काढत पुढच्या मुक्कामाला जायचं, चिखलात परत खुंट्या ठोकायच्या, म्हणजे आपण येऊन टेकेपर्यंत राहुटी उभी. रिंगणाला आम्ही सगळे घोडे बघायला धावलो तेव्हा हा ट्रकखाली घोंगडी टाकून झोपलेला, कारण त्याला झोपायला तोच एक वेळ. मी विचारलं, "दादा, अश्व नाही का बघायचा?" तर म्हणतो, "बघितला तै, दरवर्षी तोच असतो." आता यावर काय बोलणार.

मला वारीतली सगळ्यात आवडती गोष्ट कुठली विचाराल तर रिंगण नाही, समाजआरती. मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा असा कल्लोळ असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि मधे चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त बघणारे, हातातला दंड वर करतात. एका क्षणात सगळं चिडीचूप. लाखभर माणूस गप्प. पण एखाद्या दिंडीची तक्रार असली तर ती दिंडी टाळ वाजवतच राहते, हीच तिची हात वर करायची पद्धत. मग चोपदार त्यांच्याकडे जातात, काय झालं विचारतात, पाणी मिळालं नाही, जागा गेली, क्रम चुकला, जे असेल ते ऐकून घेतात. मग हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारतात, चष्मा, पिशवी, कवळी सुद्धा. उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात. हे सगळं उरकलं की मग आरती. म्हणजे आधी माणसांचं गाऱ्हाणं, मग देव. ही शिस्त म्हणे हैबतबाबा आरफळकरांनी लावली, शिंद्यांच्या दरबारातले सरदार, त्यांनी १८३२ च्या सुमाराला सोहळ्याला आजचं रूप दिलं. फौजेतला माणूस, त्याला गर्दी कशी हाकायची ते बरोबर माहीत. पण गाऱ्हाणं ऐकल्याशिवाय आरती नाही, हे फौजेतलं वाटत नाही मला. आमच्या घरी एक चोपदार पाहिजे असं फार वाटतं, रोज रात्री जेवणाआधी दंड वर करायला. ज्याची तक्रार आहे त्याने ताट वाजवत राहायचं.

आणि गाऱ्हाणी आहेत, नाहीत असं नाही. बायकांच्या शौचालयाच्या रांगा, पहाटे अंधारात तर विचारूच नका. फिरती शौचालयं आता खूप वाढलीत, फरक पडलाय, पण लाखो माणसांना किती पुरणार. एका गावात आमच्यातल्या एका आजींना ताप होता म्हणून मी त्यांच्याबरोबर मागे थांबले, पालखी पुढे गेलेली. तेव्हा पहिल्यांदा बघितलं, आपण गेल्यावर गावात काय उरतं ते. पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या, चहाचे कप, तुटक्या चपला, खरकटं, बांधाकडेचं तुडवलेलं. ग्रामपंचायतीची माणसं आणि काही बायका खराटे घेऊन उतरल्या होत्या, नाकाला पदर. शाळेच्या अंगणातून एक बाई आमच्या उष्ट्या पत्रावळ्या गोळा करत होती, त्याच पत्रावळ्यांवर तिच्याच गावाने आम्हाला आदल्या रात्री पिठलं-भाकरी वाढली होती. मी वाकून दोन-चार उचलल्या तर म्हणाली, "राहू द्या माउली, तुम्ही चालून दमलात." म्हणजे मी दमलेय! आजींना डॉक्टरने गोळी देऊन बसवलं होतं, अर्धा-पाऊण तास होता, तेवढा वेळ मी तिच्याबरोबर गोळा केलं. बोलणं फार झालं नाही. तिच्या घरी त्या रात्री बावीस माणसं झोपायला होती, आणि घरचे सगळे गोठ्यात, एवढं सांगितलं तिने. तक्रार म्हणून नाही हं, जराशी मिरवूनच.

पंढरपूर आलं, वाखरीपासूनच गर्दी एवढी की चालणं म्हणजे नुसतं सरकणं. आत दर्शनाची रांग तासन् तास, आमच्या दिंडीतल्या बहुतेकांनी कळसदर्शनच घेतलं. मावशींनी नामदेव पायरीपाशी जेमतेम पोचून एकदा हात जोडले, मग परत जोडले. दुसरा नमस्कार कुणाचा ते मला माहीत होतं. मग फोन लावला, जावेला म्हणाल्या, "पोचलो गं आपण," आणि लगेच, "म्हैस गाभण राहिली का बघ, नाय तर डॉक्टरला बोलाव."

मी पण दोनदा जोडले. मग वाटलं दोनदाने भागणार नाही, जाऊबाई, आई, समोरच्या काकू, शेजारच्या टेबलवाली, तो टँकरवाला, पत्रावळ्यावाली, म्हणता म्हणता मागून लोटालोटी झाली आणि पोलिसबाईंनी दंडाला धरून पुढे ढकललं, "चला माउली चला, बाकीच्यांना येऊ द्या."

घरी आल्यावर बुक्का-लाह्या वाटल्या, शेजारच्या टेबलवालीला चुरमुरे जास्त दिले, मॅनेजरला पण दिले, त्यांनी सोमवारीच दोन फायली अंगावर टाकल्या. आणि रात्री जेवताना मी विषय काढला की पुढच्या वर्षी जाऊबाईंनी जायचं आणि मी आईंचं बघणार. त्या आधी नाहीच म्हणाल्या, मला कुठे जमतंय, गुडघे बघ माझे. नवरा म्हणाला दोडक्याची भाजी मला येते आता. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिला जाऊ दे. पण इंजेक्शन तू देणार असशील तर आधी शिकून घे नीट, तुझ्या हाताने फार दुखतं." तेव्हा सध्या रोज संध्याकाळी जाऊबाई व्हिडिओ कॉलवर आणि मी सुई धरून, असं चाललंय. त्यांनी बूट घ्यावेत यावर मात्र अजून भांडण मिटलेलं नाही, त्या म्हणतात चपलाच घालणार.