आमटी सुटली, अंगठा सुजतच राहिला

गटारीच्या रात्री अडीचला जाग आली ती उजव्या पायाच्या अंगठ्यामुळे. लालबुंद, चकचकीत, हात लावू देईना. पंख्याच्या वाऱ्यानं चादर हलून त्याला टेकली तरी डोळ्यांत पाणी यायचं. सकाळी एक चप्पल हातात धरून रिक्षात बसलो.

गाऊट, म्हणजे सांध्यात युरिक अ‍ॅसिडचे खडे साचून होणारा संधिवात, आहे का हे पाहायला रक्त तपासलं. युरिक अ‍ॅसिड आलं 6.8. लॅबच्या कागदावर ते नॉर्मल, म्हणून ‘मुरगळला असेल’ म्हणत मलम मिळालं. (ऐन दुखण्यात हा आकडा नॉर्मल दिसू शकतो, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचा असतो, हे मागाहून कळलं.) तिसऱ्या आठवड्यात 8.9.

मग घरातच दवाखाना सुरू झाला. आईनं तूरडाळ, पालक, टोमॅटो बंद केले आणि रात्री हळदीचं दूध सुरू केलं. मित्रानं अ‍ॅपल सायडर व्हिनेगरची बाटली आणून दिली. गटारीच्या मटणाचा नि बिअरचा विषय मात्र कुणी काढला नाही. मीही नाही. वर नवरात्रात ‘शरीर साफ होईल’ म्हणून नऊ दिवस पाणी आणि जराशी फळं. सातव्या दिवशी डावा अंगठा.

संधिवाताच्या डॉक्टरीणबाई हसल्याच. “अहो, उपाशी राहिलं की शरीर चरबी जाळतं. त्यातून तयार होणारी कीटोनं मूत्रपिंडातून युरिक अ‍ॅसिड बाहेर पडू देत नाहीत.” डाळीचं विचारलं. त्यांनी एका अभ्यासाचं सांगितलं: 2004 साली अमेरिकेतल्या 47 हजारांवर पुरुषांचा 12 वर्षांचा तो अभ्यास छापून आला. त्यात मटण-मासळीनं गाऊटचा धोका वाढला, बिअरनं तर चांगलाच, पण प्युरीनवाल्या (प्युरीन म्हणजे ज्यापासून शरीरात युरिक अ‍ॅसिड बनतं ते) डाळी-भाज्यांनी नाही. दूध-दही खाणाऱ्यांना उलट कमी. म्हणजे अडीच महिने मी भलत्याच गोष्टीचं पथ्य केलं होतं! हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिचं गुणकारी समजलं जाणारं द्रव्य, जेमतेम तीन टक्के, त्यातलंही फार थोडं रक्तात उतरतं. व्हिनेगरला तर पुरावाच नाही.

मामांनी गावाहून कळलावीचा कंद पाठवला होता, तोही पिशवीतून दाखवायला नेला. बाईंचा चेहरा बदलला. गाऊटवर जी कोल्चिसिनची गोळी देतात ते द्रव्य कळलावीत खरंच असतं. पण कंदात ते किती, हे मोजणार कोण? गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची. कंदानं माणसं दगावली आहेत. तो कंद मी घरी परत आणलाच नाही.

नुसत्या पथ्यानं आकडा फार तर एकानं उतरतो, असं त्या म्हणाल्या. मला 6 च्या खाली यायचं होतं. युरिक अ‍ॅसिड कमी करणारी अ‍ॅलोप्युरिनॉलची गोळी 100 मिलिग्रॅमपासून सुरू केली, हळूहळू 300. अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून लगेच फोन करायचा, ही ताकीद. सुरुवातीच्या महिन्यांत दुखणं उसळतं म्हणून सोबत कोल्चिसिन. तरीही एकदा उसळलंच, आणि घरातून “बघ, गोळ्यांनीच झालं” हे ऐकून घेतलं.

आता 5.4 आहे. यंदा गटारीला मटणाच्या चार फोडी खाल्ल्या, बिअर नाही. आई अजूनही आमटीचं पातेलं माझ्या ताटापासून लांबच ठेवते.