तालमीतला फोटो: अ‍ॅक्रिलिक, दुसऱ्यांदा

डिसेंबर
आजोबांचा तालमीतला ग्रुप फोटो काचेला चिकटलाय. मधे माउंट (फोटो काचेपासून लांब ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) नव्हता आणि भिंत आमच्या गंगावेशीतल्या घराची, म्हणजे पावसाळाभर ओल. ओलीनं फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो आणि काचेला धरतो. ओढला असता तर आजोबांचा अर्धा चेहरा काचेवर राहिला असता. म्हणून काचेसकट कॉपी केली आणि 24 बाय 36 इंची प्रिंट काढली.

लावायची जागा मधल्या दारावर, खाली पोरं खेळतात. 3 मिलिमीटरची काच या मापाला चार किलोच्या वर जाते, तेवढंच अ‍ॅक्रिलिक, म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, दोन किलो. शिवाय काचेची ती हिरवट झाक नाही. ठरलं.

कापणं सोपं. स्टीलपट्टी धरून अ‍ॅक्रिलिक कटर आठ-दहा वेळा ओढायचा, टेबलाच्या कडेवर रेघ आणून एकदम दाबायचं. कट्ट. संरक्षक फिल्म तोवर काढायची नाही. ती काढताना खरी परीक्षा: थंडीच्या कोरड्या हवेत शीट अशी चार्ज झाली की हातावरचे केस उभे, आणि खोलीतली सगळी धूळ आत. दुसऱ्या बाजूला शहाणा झालो. पंखा बंद, फरशी ओल्या फडक्यानं पुसलेली, फिल्म सावकाश. (चारकोल किंवा पेस्टलच्या चित्रावर अ‍ॅक्रिलिक वापरू नका, भुकटी उडून शीटलाच चिकटते.)

एप्रिल
शीटला पोट सुटलंय! बाजूनं बघितलं तर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नागमोडी. चूक माझी. काचेसारखंच फ्रेमच्या खाचेत गच्च बसवलं होतं. फ्रेमवाल्या मामांना दाखवलं तर म्हणाले, "अरे, हे उन्हाळ्यात फुगतंय. काचेला चालतंय ते ह्याला कसं चालंल?"

हिशेब मग घरी केला. अ‍ॅक्रिलिक काचेच्या सात-आठ पट प्रसरण पावतं. 36 इंचाच्या लांबीला 20 अंशांच्या फरकात सव्वा मिलिमीटर. हवेतली ओल शोषूनही थोडं वाढतं, ते वेगळंच.

मे
लांबीतून 3 मिलिमीटर कमी करायचे होते. एवढी बारीक पट्टी कटरनं मोडत नाही, पकडायलाच काही उरत नाही. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून कानस, मग पॉलिश पेपर. दोन रविवार गेले. रुंदीतून दोन मिलिमीटर. आता शीट खाचेत हलक्या हातानं हलते, आणि मागचे चुके बोर्डाला धरतात, शीटला दाबत नाहीत. माउंट बोर्ड दुपदरी, म्हणजे प्रिंट शीटपासून लांब.

ऑक्टोबर
अख्खा उन्हाळा-पावसाळा गेला, शीट सरळ. पण दसऱ्याच्या साफसफाईत आईनं सवयीनं पेपरचा बोळा आणि काचेचा स्प्रे घेतला. पेपरच्या बारीक रेघा पहिल्या रांगेतल्या दोघा पैलवानांच्या अंगावरून गेल्यात, सकाळच्या तिरप्या उजेडात दिसतात. अमोनियावाल्या स्प्रेनं अ‍ॅक्रिलिक धुरकट होतं, ते यावेळी तरी वाचलंय. आता मऊ मायक्रोफायबर, पाणी आणि साबणाचा एक थेंब, एवढंच.

रेघांवर प्लास्टिक पॉलिश आधी उरलेल्या तुकड्यावर घासून बघतोय. बाकी 8 बाय 10 वाले फोटो काचेतच ठेवणार, त्यांना हा सगळा खटाटोप कशाला.