वॉनस्टेड हाउस: पूर्व लंडनमधील नाहीशा झालेल्या एका प्रासादाच्या जागेवर

वॉनस्टेड हाउस पाहायला निघणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी, ती ही की त्या प्रासादाच्या मुख्य इमारतीची एक वीटही आज जागेवर नाही. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये ज्या घराची चर्चा राजवाड्यांच्या बरोबरीने होत असे, ते 1823 साली पाडण्यासाठी विकले गेले आणि पुढच्या वर्षाअखेरपर्यंत त्याचे दगड, लाकूड आणि शिसे गाड्या भरभरून निघून गेले. तरीही एप्रिलच्या शेवटी तेथे घालवलेला दिवस मला लंडनमधील कित्येक सजवलेल्या वास्तूंपेक्षा अधिक मोलाचा वाटला. मुंबईच्या इतिहासाशी थोडीफार ओळख असलेल्या मराठी माणसाला तर या जागेचे जुने धागेदोरे चांगलेच ओळखीचे वाटतील.

जाण्याची वाट आधी सांगतो, कारण येथेच पुष्कळ जण फसतात. नकाशावर ‘वॉनस्टेड पार्क’ नावाचे एक रेल्वेस्थानक दिसते, पण ते फॉरेस्ट गेटच्या वस्तीत असून उद्यानापासून बरेच दूर आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सेंट्रल लाइनने वॉनस्टेड या स्थानकावर उतरणे सर्वांत सोयीचे. लेटनस्टोननंतर या लाइनला दोन फाटे फुटतात, त्यामुळे एपिंगकडे जाणारी गाडी न घेता न्यूबरी पार्कमार्गे हेनॉल्टकडे जाणारी गाडी घ्यावी. स्थानकापासून ब्लेक हॉल रोडने दक्षिणेकडे चालत गेल्यास थोड्याच वेळात डाव्या हाताला ओव्हरटन ड्राइव्ह लागतो, आणि त्याच्या तोंडाशीच प्रासादाची पहिली खूण भेटते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी फाटकाचे उंच खांब उभे आहेत आणि त्यांवर घर बांधणाऱ्या सर रिचर्ड चाइल्डची आद्याक्षरे गुंफून कोरलेली आहेत. मोटारी त्यांच्यामधून सर्रास ये-जा करतात आणि खांबांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. आपण मात्र थांबावे, कारण पाहुण्यांच्या बग्ग्या याच फाटकातून आत वळत असत.

येथून पुढे सरळ उद्यानात जाण्याचा मोह टाळून आधी सेंट मेरीज चर्चकडे जावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हे चर्च 1790 साली टॉमस हार्डविक या वास्तुकाराने बांधले. आत जुन्या पद्धतीची, दार असलेली खोकेवजा लाकडी आसने अजून जशीच्या तशी आहेत, पण खरे पाहण्याजोगे आहे ते वेदीच्या भागातील सर जोसाया चाइल्डचे संगमरवरी स्मारक. उंच चौथऱ्यावर जोसाया उभा आहे. अंगावर रोमन सेनापतीचा पोशाख आणि डोक्यावर मात्र सतराव्या शतकातील लंडनच्या श्रीमंताचा खांद्यापर्यंत रुळणारा कुरळ्या केसांचा टोप! त्याच्या खाली मुलगा बर्नार्ड अर्धवट पहुडलेला दाखवला आहे. त्या टोपाच्या बटा शिल्पकाराने इतक्या निगुतीने कोरल्या आहेत की चेहऱ्यापेक्षा नजर आधी तिकडेच जाते. चर्च रोज उघडे नसते, तेव्हा प्रार्थनेच्या वेळा आणि दर्शनासाठी खुले असणारे दिवस पाहूनच बेत आखावा. आवारात पहारेकऱ्याच्या चौकीच्या आकाराचे एक दगडी थडगे आहे, तेही पाहून घ्यावे.

हा जोसाया चाइल्ड कोण, हे समजल्याशिवाय पुढची जागा बोलत नाही. आरमाराला अन्नधान्य आणि बिअर पुरवणारा हा व्यापारी ईस्ट इंडिया कंपनीचे समभाग विकत घेत घेत 1681 मध्ये कंपनीचा गव्हर्नर झाला. 1673 साली त्याने वॉनस्टेडची जहागीर विकत घेतली आणि मैलोगणती अक्रोडाची झाडे आणि माशांची तळी यांवर पाण्यासारखा पैसा ओतला. 1683 मध्ये येथे येऊन गेलेल्या जॉन ईव्हलिनने आपल्या रोजनिशीत या अफाट खर्चाची नोंद केली आहे, आणि अचानक पैसा आलेली माणसे अशाच ओसाड जागी घरे थाटतात, असा टोमणाही मारून ठेवला आहे.

याच जोसायाच्या आक्रमक धोरणामुळे 1686 मध्ये कंपनीने थेट औरंगजेबाशी युद्ध छेडले. मुंबईत तेव्हा कंपनीचा कारभार सर जॉन चाइल्ड पाहत होता. आडनाव एकच असले तरी तो जोसायाच्या नात्यातला नव्हता. त्याने मुघलांची जहाजे पकडली आणि त्याचे उत्तर 1689 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाच्या रूपाने आले. सिद्दीचे सैन्य शिवडीला उतरले, माझगावचा किल्ला त्याने घेतला, माहीम गेले आणि इंग्रज आपल्या मुंबईच्या किल्ल्यात कोंडले गेले. संभाजी महाराजांची हत्या झाली तेच हे वर्ष. त्या वर्षी औरंगजेबाचा दक्षिणेतील जोर केवढा होता हे आपल्याला वेगळे सांगायला नको. अखेर 1690 मध्ये कंपनीच्या वकिलांना बादशहापुढे शरण जावे लागले. दीड लाख रुपये दंड, पकडलेला माल परत करणे आणि जॉन चाइल्डची हकालपट्टी, अशा अटी मान्य केल्यावरच माफीचे फर्मान मिळाले. जॉन चाइल्ड त्याआधीच मुंबईत मरण पावला होता. ज्या माणसाच्या हट्टापायी हे सारे घडले तो वॉनस्टेडला आपल्या झाडांमध्ये सुरक्षित होता आणि पुढे नऊ वर्षे जगला. इतिहासाच्या पुस्तकांत या युद्धालाच त्याचे नाव आहे, पण स्मारकावरच्या त्या रोमन वेषात शिवडी-माझगावची सावलीही दिसत नाही.

प्रासाद मात्र जोसायाने बांधलेला नाही. तो त्याच्या मुलाने, सर रिचर्डने, 1715 च्या सुमारास बांधायला घेतला. कोलेन कॅम्बेल हा त्याचा वास्तुकार. दर्शनी बाजू सुमारे 260 फूट लांब, मधोमध सहा उंच स्तंभांचा मंडप आणि वर त्रिकोणी शिखरपट्टी, असा हा आराखडा होता. इटलीतील पॅलाडिओ या वास्तुकाराच्या पद्धतीने इंग्लंडमध्ये उभ्या राहिलेल्या पहिल्या मोठ्या घरांत याची गणना होते आणि पुढील पन्नास वर्षांत अनेक उमरावांनी त्याचे अनुकरण केले. आतील छतांवर विल्यम केंटने चित्रे काढली. हे घर उभे असताना कसे दिसत असेल याची कल्पना यावी असे वाटत असेल, तर यॉर्कशरमध्ये रॉदरहॅमजवळचे वेंटवर्थ वुडहाउस पाहावे. त्याची पूर्वेकडील बाजू वॉनस्टेडवरूनच बेतलेली आहे आणि ती सुदैवाने उभी आहे. आतील थाटाची कल्पना विल्यम होगार्थने रंगवलेल्या ‘वॉनस्टेड हाउसमधील मेळावा’ या चित्रावरून येते, पण ते आता फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहे.

चर्चमधून बाहेर पडल्यावर प्रासादाची जागा अगदी जवळ आहे, पण ती आता एका खासगी गोल्फ क्लबच्या मैदानात आहे. तबेल्यांच्या जुन्या इमारती क्लबच्या वापरात आहेत. घराच्या परिवारातले उभे राहिले ते एवढेच. मैदानात परवानगीशिवाय शिरू नये. चेंडू कोठून येईल याचा नेम नसतो, आणि क्लबच्या लोकांना इतिहासप्रेमींचा त्रास होऊ लागला तर उद्या बाहेरून पाहणेही अवघड होईल. चर्चच्या बाजूने आणि रस्त्यावरून जेवढे दिसते तेवढे पुरेसे आहे. हिरवळीत एके ठिकाणी जमीन एकाएकी दबलेली दिसते. तो रुंद खोलगट भाग म्हणजेच वॉनस्टेड हाउस. जोती आणि तळघरेसुद्धा उकरून नेल्यामुळे तेथे ढिगाऱ्याऐवजी खड्डा राहिला. पडक्या वास्तूची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हे चमत्कारिक वाटते. आपल्याकडे वाडा पडला तरी चौथरा, विहीर, निदान दिंडीदरवाजा तरी मागे राहतो. येथे घर मोडणाऱ्यांनी जमिनीखालचा दगडही सोडला नाही.

हे कसे झाले, त्याची कथा भारताशी पुन्हा एकदा येऊन भिडते. चाइल्ड घराण्याची संपत्ती वळणावळणाने 1805 मध्ये कॅथरीन टिल्नी-लाँग या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीकडे आली. पदवी नसलेल्या घराण्यांतील इंग्लंडची सर्वांत श्रीमंत वारसदार म्हणून तिचे नाव गाजू लागले आणि मागणी घालणाऱ्यांची रीघ लागली. 1812 मध्ये तिने विल्यम वेलस्ली-पोल याच्याशी लग्न केले. हा वेलिंग्टनच्या ड्यूकचा पुतण्या, म्हणजे 1803 मध्ये जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणाऱ्या आर्थर वेलस्लीचा, आणि त्याच काळात कलकत्त्यात गव्हर्नर-जनरल असलेल्या रिचर्ड वेलस्लीचाही. एका घराण्याने कंपनीच्या पैशावर जे उभे केले, ते कंपनीच्याच आश्रयाने मोठ्या झालेल्या दुसऱ्या घराण्यातील उधळ्या पोराने दहा वर्षांत धुळीस मिळवले.

जुगार, मेजवान्या, निवडणुका आणि बाहेरख्यालीपणा यांत विल्यम कर्जात इतका रुतला की सावकारांना चुकवण्यासाठी त्याला युरोपात पळून जावे लागले. जून 1822 मध्ये घरातील वस्तूंचा लिलाव सुरू झाला आणि तो 32 दिवस चालला. पडदे, झुंबरे, चित्रे, ग्रंथ, पुतळे, स्वयंपाकघरातील भांडी, काहीच त्यातून सुटले नाही. घराला मात्र गिऱ्हाईक मिळेना. शेवटी पाडून साहित्य नेण्याच्या बोलीवर ते 10,000 पौंडांना विकले गेले. बांधकामावर तीन लाखांहून अधिक पौंड खर्च झाले होते, असे सांगितले जाते. तो आकडा निम्म्याने फुगवलेला धरला तरी हा सौदा म्हणजे मातीमोलच म्हणायचा. कॅथरीन 1825 मध्ये वारली. मुलांचा ताबा मिळवण्यासाठी विल्यमने केलेला अर्ज लॉर्ड एल्डन या न्यायाधीशाने 1827 मध्ये फेटाळला. वर्तनाच्या कारणावरून बापाला मुलांचा ताबा नाकारल्याचे हे इंग्लंडमधील गाजलेले उदाहरण आहे. तो स्वतः 1857 मध्ये लंडनमधील भाड्याच्या खोलीत मेला. या माणसाबद्दल कणव वाटावी असे मला काही सापडले नाही. कॅथरीनबद्दल मात्र वाटते, कारण लग्नाच्या करारामुळे तिची मालमत्ता सुरक्षित आहे असे सर्वांना वाटत होते आणि डोळ्यांदेखत तिच्या घराचे दगड मोजून विकले गेले.

आता उद्यान. ओव्हरटन ड्राइव्हने पुढे जाताना उजवीकडे ‘बेसिन’ नावाचे मोठे तळे दिसते. प्रासादाच्या दर्शनी बाजूचे प्रतिबिंब पडावे म्हणून ते खोदले होते. तेथून वॉरन ड्राइव्हमार्गे वॉरन रोडच्या बाजूने उद्यानात शिरावे. लंडन सिटीच्या महापालिकेने ही 184 एकर जमीन 1880 मध्ये मिळवली आणि 1882 मध्ये ती एपिंग फॉरेस्टचा भाग म्हणून लोकांना खुली केली. आत जायला पैसे पडत नाहीत. सर्वप्रथम ‘ग्लेड’ या रुंद हिरव्या पट्ट्यावर जावे. हा पट्टा प्रासादाच्या मागील दारापासून ‘ऑर्नामेंटल वॉटर’ या लांबट तळ्यापर्यंत उतरत जातो. पाण्याकडे पाठ करून वर पाहिले की झाडांच्या दोन रांगांमधली मोकळी जागा घराच्या रुंदीनुसार आखली आहे, हे लगेच ध्यानात येते. घर नसतानाही त्याचा आकार येथे सर्वांत स्पष्ट कळतो. जॉन रॉकने 1735 मध्ये काढलेला बागेचा नकाशा फोनमध्ये घेऊन जावा, कारण त्यावरची तळी आणि वाटा जमिनीवर ताडून पाहण्यात निम्मी मौज आहे.

तळ्याच्या काठी ‘ग्रोटो’ म्हणजे कृत्रिम गुहेचा दर्शनी भाग कुंपणामागे उभा आहे. 1760 च्या दशकातल्या या इमारतीत वर शिंपले आणि स्फटिकांनी मढवलेली खोली आणि खाली होड्यांची जागा होती. 1884 मध्ये ती आगीत जळाली. खडबडीत दगडांची ती कमान समोरच्या काठावरून पाहावी. जवळून कुंपणच अधिक दिसते. कोरड्या उन्हाळ्यात या तळ्याचे पाणी पार खाली जाते आणि सगळा देखावा चिखलाचा होतो, म्हणून ऑगस्टमध्ये जाणार असाल तर फार आशा ठेवू नये. खांबांचा छोटा मंडप असलेले ‘टेंपल’ हे बागेतले दुसरे शिल्लक बांधकाम. आत प्रासादाविषयीचे प्रदर्शन आहे, पण ते साधारणपणे शनिवार-रविवारीच उघडते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आणि मेच्या आरंभी शॅले वूडमध्ये निळ्या ब्लूबेल फुलांचा गालिचा पसरतो. तेव्हा गर्दी होते, तरी मला हाच काळ सर्वांत चांगला वाटतो, कारण झाडांना पुरती पालवी फुटलेली नसते आणि जुन्या बागेच्या रेषा दिसत राहतात. ओंडके लावून आखलेल्या वाटा सोडून फुलांत शिरू नये. तुडवलेली झाडे पुन्हा यायला वर्षे लागतात. रोडिंग नदीच्या बाजूची वाट पावसानंतर घोट्यापर्यंत चिखलाची असते, त्यामुळे बूट त्या बेताचे हवेत. लहान मुलांची गाडी बरोबर असेल तर हेरनरी पाँडच्या काठच्या वाटेने जावे. चहाची टपरीही तिकडेच आहे.

परतताना आल्या वाटेने न जाता दक्षिणेकडून बाहेर पडून वॉनस्टेड फ्लॅट्सच्या मोकळ्या माळावरून मॅनर पार्क स्थानक गाठावे. तेथे एलिझाबेथ लाइन मिळते. वसंतात माळाच्या काही भागांना दोरीचे कुंपण घातलेले असते, कारण चंडोल पक्षी तेथे जमिनीवर अंडी घालतात. तेवढा वळसा घ्यावा आणि बरोबर कुत्रा असल्यास तो साखळीला ठेवावा. भूक लागली असेल तर ईस्ट हॅमच्या हाय स्ट्रीट नॉर्थवर डोसा-इडली मिळणारी शाकाहारी उपाहारगृहे आहेत, आणि मॅनर पार्कहून तेथे पायी जाता येते.