केनीवूडच्या दरीतले रोलर कोस्टर

पिट्सबर्गहून मोनोंगहेला नदीच्या काठाकाठानं निघालं की वाटेत पिवळे बाण लागतात. त्यांवर 'केनीवूड' एवढा एकच शब्द. दादा म्हणाला, "मॅप बंद कर, बाण नेतात तिकडे जायचं." मागच्या सीटवर त्याची लेक सकाळपासून एकच गोष्ट ठरवत होती, कुठल्या कोस्टरमध्ये आधी बसायचं, आधी फँटम की आधी थंडरबोल्ट.

अमेरिकेतलं करमणुकीचं पार्क म्हटलं की आपल्याकडे डिस्नेच डोळ्यांसमोर येतं. केनीवूड त्या जातीचं नाही. वेस्ट मिफ्लिन या छोट्या गावातलं, आसपासच्या गिरणी कामगारांच्या पिढ्यांनी आपलं मानलेलं हे पार्क १८९८ मध्ये एका ट्रामकंपनीनं सुरू केलं. सुट्टीच्या दिवशीही ट्रामला प्रवासी मिळावेत, म्हणून मार्गाच्या टोकाला सहलीची जागा करायची, ही तेव्हाची रीत होती. अमेरिकेत अशी शेकडो ट्राम पार्कं उभी राहिली आणि बहुतेक मोडली. हे टिकलं. १९८७ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. जुने रोलर कोस्टर बघायचे, बसायचे, आणि त्यांच्याबद्दल जिव्हाळ्यानं बोलणारी माणसं भेटतात का ते पाहायचं, एवढ्यासाठी मी इथं आले होते.

गाडी लावून रस्त्याखालच्या बोगद्यातून पलीकडे गेलं की आपण पार्कात. झाडं मोठी, जुनी. मधोमध तळं. उजवी-डावीकडे पांढऱ्या लाकडी सांगाड्यांच्या कमानी, आणि त्यांच्यामागून सतत येणारा, गाड्यांना चढावर ओढणाऱ्या साखळीचा खडखडाट.

पहिली जॅक रॅबिट. १९२० ची. ती जॉन मिलर या अभियंत्यानं आखली. रोलर कोस्टरच्या जगात या माणसाचं नाव फार आदरानं घेतात. त्याच्या आधी गाड्यांना वरची आणि बाजूची चाकं असत. टेकाड जरा तीव्र केलं तर गाडी रुळावरून उडेल ही भीती असे, म्हणून उतार सौम्य ठेवावे लागत. मिलरनं रुळाच्या खालच्या अंगाला तिसरं चाक बसवलं. गाडी रुळाला खालून धरून राहिली आणि मग टेकाडं हवी तशी वाकवता यायला लागली. आज जगातल्या प्रत्येक मोठ्या कोस्टरच्या डब्याखाली ते चाक असतं. जॅक रॅबिट ही ते चाक वापरणाऱ्या सुरुवातीच्या राइड्सपैकी एक.

तिची उंची काहीच नाही, आजच्या हिशोबानं तर अगदीच किरकोळ. पण पार्क दरीच्या काठावर आहे. मिलरनं उंच मनोरे बांधण्याऐवजी रूळ सरळ त्या दरीत सोडले. गाडी निघते ती आधी खाली उतरते, झाडीत शिरते, वळसे घेते आणि चढ लागतो तो बऱ्याच उशिरा. त्यानंतर येतो तिचा प्रसिद्ध दुहेरी उतार, सत्तर फुटांचा. एक उतार सुरू होतो, मध्येच क्षणभर सपाट होतो आणि लगेच दुसरा सुटतो. शरीर पहिल्या उताराच्या वेगानं पुढे चाललेलं असतं, तेवढ्यात खालचा रूळ निघून जातो. आपण सीटवरून उठतो. खरोखर उठतो, मांडी आणि सीट यांच्यामध्ये हवा असते. कोस्टरवाले याला एअरटाइम म्हणतात आणि त्यासाठी जीव टाकतात. शेवटच्या डब्यात ते सगळ्यात जास्त मिळतं, कारण पुढचे डबे आधीच खाली गेलेले असतात आणि मागच्याला ओढून नेतात. पुतणीनं मला दंडाला धरून शेवटच्या डब्याच्या रांगेत उभं केलं. "आत्या, पुढे बसायचं ते फोटोसाठी. बसायचं असेल तर मागे." शंभर वर्षं ओलांडलेल्या लाकडी राइडवर इतकं उसळायला होईल असं मला वाटलं नव्हतं.

द रेसरवर फार वेळ घालवत नाही, पण एक गंमत सांगायलाच हवी. १९२७ ची ही जोडगाडी. दोन गाड्या शेजारशेजारून सुटतात, शर्यत लागते, लोक हात लांब करून पलीकडच्यांना टाळ्या द्यायचा प्रयत्न करतात. डाव्या बाजूनं निघालेली गाडी परत येते ती उजव्या बाजूला. दोन रूळ दिसतात, पण मुळात तो एकच सलग रूळ आहे, दोनदा फिरून येणारा. असे कोस्टर जगात बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलचा ग्रँड नॅशनल हा त्यांपैकी एक.

मला ज्याच्यासाठी यायचं होतं तो थंडरबोल्ट. त्याच्या रांगेत पुढे एक आजोबा होते, सोबत कॉलेजातला नातू, आणि आमच्या मागे कोस्टरची चित्रं छापलेले टीशर्ट घातलेली चौघं. आजोबांनी बोलायला सुरुवात केली ती थेट अशी, "ही राइड पिपिन होती, माहिती आहे ना?" १९२४ मध्ये मिलरनंच बांधलेली पिपिन १९६८ मध्ये अँडी व्हेटलनं नव्यानं घडवली. दरीत उतरणारे जुने उतार तसेच ठेवले, वरच्या बाजूला मात्र एकात एक गुंफलेली गोल वेटोळी बांधली आणि नाव बदलून थंडरबोल्ट केलं. आजोबा तेव्हा शाळेत होते. पिपिन मोडली म्हणून मुलं हळहळली होती, असं ते म्हणाले. मागच्या चौघांपैकी एकजण लगेच म्हणाला, "पण मग थंडरबोल्ट मिळाला नसता." आजोबांनी मान डोलावली. "तेच तर सांगतोय. हळहळलो, आणि मग पहिल्यांदा यात बसलो."

या राइडमध्ये एकट्यानं बसता येत नाही. एका सीटवर दोघं हवेतच. वरच्या वेटोळ्यांमध्ये गाडी सतत एकाच बाजूला वळत राहते आणि माणूस बाहेरच्या अंगाला फेकला जातो. म्हणून जो अंगानं मोठा त्यानं बाहेरच्या बाजूला बसावं, नाहीतर शेजारचा चेपला जातो, हा सल्ला नातवानं मला आणि दादाला आपणहून दिला. आम्ही पाळला. डबे जुने, गोलसर नाकाचे, पुढे दिवे लावलेले. फलाटावरून गाडी सुटते आणि दुसऱ्या क्षणाला जमीन संपते. ना चढ, ना साखळी, सरळ दरीत. साखळीचा चढ मध्यावर. मग वेटोळी, दादाचा खांदा माझ्या खांद्यावर, माझा खांदा डब्याच्या भिंतीवर, आणि हे थांबतंय असं वाटेपर्यंत पुन्हा दरी. शेवटच्या मोठ्या उतारावर झाडांच्या फांद्या डोक्याच्या अगदी जवळून जातात.

पिट्सबर्ग डोंगरदऱ्यांचं शहर आहे. सपाट जागा कमी, म्हणून पार्कवाल्यांनी दरीलाच कामाला लावलं. केनीवूडमधले सगळ्यात चांगले उतार माणसानं उभारलेले नाहीत, ते होतेच. त्यांवर रूळ टाकायची अक्कल मात्र माणसाची. इथं काय बदलावं आणि काय नाही, याबद्दल माझं मत त्या रांगेत पक्कं झालं आणि फँटमवर बसल्यावर त्यावर शिक्कामोर्तब झालं.

फँटमची गोष्ट इथला प्रत्येकजण सांगतो. १९९१ मध्ये ॲरो डायनॅमिक्स या कंपनीनं इथं स्टील फँटम बांधला. त्याचा दुसरा उतार पहिल्यापेक्षा मोठा होता, २२५ फूट, आणि वेग ताशी ८० मैल, म्हणजे जवळपास १२९ किलोमीटर. त्या काळी जगात त्याच्याइतका वेगवान कोस्टर नव्हता. चढाच्या उंचीपेक्षा उतार मोठा कसा? उत्तर पुन्हा तेच, दरी. दुसरा उतार थंडरबोल्टच्या लाकडी सांगाड्यामधून आरपार जाऊन दरीच्या तळाकडे झेपावायचा. पण त्यापुढे चार उलट्या कोलांट्या होत्या. एवढ्या वेगात त्या घेताना खांद्यावरच्या जाड पट्ट्यांवर डोकं आपटायचं. "कान लाल होऊन उतरायचो," टीशर्टवाल्यांपैकी वयानं मोठी बाई म्हणाली, "तरी पुन्हा रांगेत."

२००० चा हंगाम संपल्यावर या राइडचं करायचं काय, हा प्रश्न होता. पाडून टाकणं सोपं होतं. पण पार्कनं डी. एच. मॉर्गन या कंपनीकडून तिचा उत्तरार्ध नव्यानं बांधून घेतला. चढ ठेवला, पहिला उतार ठेवला, चारही कोलांट्या काढल्या, खांद्यावरचे पट्टे गेले आणि फक्त मांडीवरचा बार राहिला. दुसरा उतार २३२ फुटांचा झाला, वेग ताशी ८५ मैल, आणि कोलांट्यांच्या जागी एअरटाइम देणारी टेकाडं आली. २००१ मध्ये ती फँटम्स रिव्हेंज या नावानं उघडली.

रांगेत यावरून वाद रंगला. टीशर्टवाल्या मुलाचं म्हणणं, कोलांट्या काढल्या तेव्हा पार्कानं आपली ओळख काढून टाकली, त्रास होता पण त्यात दम होता. बाई म्हणाली, दम म्हणजे डोकेदुखी नव्हे. माझं मत तिच्या बाजूचं आहे, आणि ते बसून आल्यावरचं आहे. चढावर गाडी सावकाश वर जाताना नदीपलीकडे ब्रॅडॉकमधला एडगर थॉमसन पोलाद कारखाना दिसतो. १८७५ पासून चालू असलेला, पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीनं उभारलेला कारखाना. त्याच्या चिमण्या बघत असतानाच पहिला उतार सुटतो, वळण, पुन्हा थोडी उंची, आणि मग समोर थंडरबोल्टचं लाकूड. आपण त्याच्या मधून खाली जातो. नेमकी त्याच वेळी थंडरबोल्टची गाडी बाजूला आली होती, तिचे दिवे मला दिसले. त्यानंतरची छोटी छोटी टेकाडं इतक्या वेगात येतात की सीटवर टेकायलाच मिळत नाही. जुन्यातलं जे अजोड होतं, दरीतला तो उतार, तो ठेवून बाकीचं बदललं, हे धाडस होतं आणि ते योग्य होतं. याच कारणासाठी मला पिपिनचा थंडरबोल्ट होणंही पटतं.

याच्या उलट उदाहरणही इथंच आहे. ओल्ड मिल ही १९०१ ची, पार्कातली सगळ्यात जुनी राइड. अंधारातून हळूहळू जाणाऱ्या नावा. २००४ मध्ये तिच्यात कॉमिकमधल्या गारफील्ड मांजराची सजावट केली आणि नावही त्याचंच दिलं. लोकांना ते रुचलं नाही. आजोबा तर त्या काळात तिच्यात बसलेच नाहीत म्हणे. २०२० मध्ये तिला जुनं नाव परत मिळालं. तिथं राइड बदललीच नव्हती, फक्त तिच्यावर दुसऱ्या कुणाचं तरी चित्र चिकटवलं होतं, आणि लोकांना फरक कळतो.

स्टील कर्टन २०१९ चा. पिट्सबर्ग स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सत्तरच्या दशकातल्या बचावफळीचं टोपणनाव त्याला दिलंय, रंगही त्यांचेच, काळा आणि पिवळा. २२० फूट उंच, नऊ कोलांट्या, त्यातली एक १९७ फुटांवर. तो लॉग जॅमर या १९७५ च्या पाण्यातल्या राइडच्या जागी आला, आणि लॉग जॅमर आठवणारे अजून हळवे होतात. २०२४ चा संपूर्ण हंगाम तो बांधणीतल्या सुधारणांसाठी बंद होता, त्यामुळे इथं सगळ्यात जास्त चर्चा त्याचीच. पुतणीला तो सर्वांत आवडला. उंचावर उलटं होऊन शहर बघणं सुंदरच आहे. मला त्यात दरीची ओढ जाणवली नाही.

कांगारूबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत. १९६२ ची ही साधी राइड, गोल फिरणारे डबे एका उंचवट्यावरून हवेत झेपावतात आणि हळूच खाली येतात. २०२० मध्ये ती निवृत्त झाल्याचं जाहीर केलं तेव्हा लोक नाराज झाले, २०२२ मध्ये ती परत आली. पुतणी प्रत्येक उडीला "बोइंग!" ओरडत होती, शेजारच्या डब्यातली अनोळखी माणसंही.

पार्क शंभरएक वर्षं हेनिंगर आणि मॅक्स्विगन या दोन कुटुंबांकडे होतं, मग पारकेस रियुनिडोस या स्पॅनिश कंपनीकडे गेलं आणि २०२५ पासून हर्शेंड या अमेरिकी कंपनीकडे आहे. नवे मालक काय काढतील, काय ठेवतील, यावर टीशर्टवाल्यांच्या याद्या तयारच होत्या. जॅक रॅबिट, रेसर, थंडरबोल्ट आणि १९२७ पासून इथं फिरत असलेला डेंट्झेलचा लाकडी घोड्यांचा कॅरोसेल यांना हात लावायचा नाही, हे प्रत्येक यादीत होतं. मी त्यात फँटमचा दुसरा उतार घालायला सांगितला. मुलानं थोडा विचार करून घातला.

जाणार असाल तर आल्याआल्या फँटम गाठा, दुपारनंतर रांग वाढते. जॅक रॅबिटला मागचाच डबा. पोटेटो पॅच या स्टॉलवरचे चीज घातलेले फ्राइज राइड्स आटोपल्यावर खा. आणि एकटे असाल तर थंडरबोल्टच्या रांगेत कुणाला तरी सोबत मागा. आमच्यासमोर एका मुलीनं मागितली तेव्हा तिघांनी एकदम हात वर केले.