सात नंबरचा खोका

पहिल्या दहा मिनिटांत आठ मुलं बसली, आठ पोई फाटल्या, मासा एकही नाही. मत्सुरीत, म्हणजे जपानी जत्रेत, किंग्यो-सुकुईच्या, म्हणजे कागदाच्या पोईनं सोनमासे काढायच्या खेळाच्या, टाकीशी थोडी रडारड चालतेच, पण हे जरा अतीच झालं.

तोक्योच्या एडोगावा भागात उन्हाळ्याच्या जत्रेत आमचा सोनमाशांचा ठेला असतो. पोई म्हणजे प्लॅस्टिकच्या कड्यावर चिकटवलेला पातळ कागद, खाली दांडा. कागदाला नंबर असतो, आणि नंबर वाढला की कागद पातळ. चार जाड, पाच नेहमीचा, सहा अवघड, सात म्हणजे हट्टी लोकांसाठी. मालक पाचचा मागवतात. त्या दिवशी गाडीतून उतरला तो सातचा खोका. लेबल कुणी वाचलं नाही, मीही नाही.

एडोगावातल्याच निशी-कासाईत आपली माणसं बरीच, त्यामुळे ओरडा मराठीतच कानावर आला. "अहो दादा, फाडूनच देता की काय?" शेजारी पाचेक वर्षांचा मुलगा, हातात नुसतं कडं. म्हटलं, "ताई, थांबा, दाखवतो."

बंद पाकिटातली कोरडी पोई काढली. ज्या बाजूला कागद कड्याच्या वर बसतो ती वर. तिरकी धरून सगळी एकदमच बुडवायची. मुलं अर्धी बुडवतात आणि ओल्या-कोरड्याच्या सीमेवरच कागद सुटतो. पाण्यात पोई आडवी सरकवायची, झटकन वर उचलायची नाही, पाण्याच्या वजनानंच कागद जातो. वरच तरंगणारा लहान लाल मासा गाठायचा, तोंडाकडून, कड्याला टेकवून. शेपूट कागदाबाहेर राहू द्यायची, कारण फाडते ती शेपूटच. मासा टाकायची वाटी पाण्याला लागूनच धरायची. काळ्या, डोळे बटबटीत देमेकिनच्या मागे लागू नये, जड असतो, तो शोभेलाच असतो. सातच्या कागदावर मी चार काढले. ताई गप्प झाल्या, पण पटलं नव्हतं.

मलाही नाही पटलं. कारण ट्रे पाहिला तर मदतीच्या पोरानं सकाळीच शंभरेक पोई पाकिटातून काढून टाकीच्या काठावर ठेवलेल्या. जुलैची दमट हवा, वर हवेच्या पंपाचे तुषार. कागद हाताला गार लागत होता. मग मुलांचं नुकसान केलं कुणी, सात नंबरानं की दमटपणानं? मी दाखवली ती पोई तर कोरडी होती.

त्या पोराला मी बोललो, जरा जास्तच. टाकीचं काम मात्र त्यानं चोख केलं होतं: आदल्या रात्रीच पाण्यात हायपो नावाचं रसायन घालून क्लोरीन मारलेलं, मासे दोन दिवस उपाशी, म्हणजे पाणी घाण होत नाही. ऊन चढलं तसा बर्फ बंद बाटल्यांतूनच सोडला, सुटा टाकला की पाणी एकदम गार होऊन मासे गारठतात. काही ठेल्यांवर पंप मुद्दाम मंद ठेवतात. प्राणवायू कमी पडला की मासे वर येऊन तोंड उघडतात, धरायला सोपे, गिऱ्हाईक खूश. घरी नेले की दुसऱ्या दिवशी उलटे. हा धंदा मला आवडत नाही.

शेजारच्या ठेल्यावरून पाचचं एक पाकीट उसनं आणलं, आठही मुलांना पुन्हा फुकट खेळवलं. ताईंच्या मुलानं दोन काढले, पण यावेळी त्यानं पोई पूर्ण बुडवली होती. म्हणजे तेही उत्तर नाही.

रात्री गल्ला मोजून मालक म्हणाले, सातचा कागद वाईट नाही, मासे उरले. उरलेला खोका अजून गाडीतच आहे.